बोहनीचा ठिपका

खिळेबाईचं खरं नाव पगाराच्या कागदावर काय असेल ते असो, गॅलरीत ती सगळ्यांची खिळेबाई. तोंडात खिळे, हातात हातोडी, खिशात पाणसळ. शिडीवर चढून एकदा भिंतीला लागली की खालून खुद्द गॅलरीच्या मालकीण मॅडमनी हाक मारली तरी उत्तर यायचं ते "अं" एवढंच. खिळे तोंडात असताना माणूस आणखी काय बोलणार! चित्रं टांगायची, शेजारी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, दिव्याचा उजेड नेमका कुठे पडतोय ते बघायचं आणि प्रदर्शन उघडलं की हात धुऊन दाराजवळच्या टेबलावर बसायचं, हे तिचं काम. उमेदीची सगळी वर्षं तिची त्या पांढऱ्या भिंतींपुढे गेली होती.

तिला चित्रातलं कळतं का, असं कुणी थट्टेने विचारलं तर ती म्हणायची, "मला वजन कळतं. कुठल्या चित्राला किती मोठा खिळा लागतो ते सांगते." लोक हसायचे, तीही हसायची.

तिचं आणखी एक काम होतं. लाल ठिपके लावायचं. चित्र विकलं गेलं की त्याच्या चिठ्ठीवर शर्टाच्या बटणाएवढा लाल कागदी ठिपका लागतो. ठिपका लागला की ते चित्र दुसऱ्या कुणी मागायचं नाही, हा त्या धंद्यातला कायदाच. आता गंमत अशी की ठिपक्याशेजारी ठिपका लागतो. ज्या भिंतीवर एकही लाल नाही, तिच्याकडे गिऱ्हाईक मान वळवून बघत नाही. आणि एक दिसला की मग यांची चुळबुळ सुरू, अरे आपण मागे राहिलो की काय! म्हणून मॅडम काय करायच्या, उद्घाटनाच्या संध्याकाळी गर्दी यायच्या आधी ठिपक्यांचा कागद खिळेबाईच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "बोहनीचे लावून टाका, बाई." म्हणजे न विकलेल्या दोनेक चित्रांवर उगाच लावायचे. नंतर कुणी विचारलंच तर सांगायचं, घेणाऱ्याचं मन बदललं. चित्रकारांना हे ठाऊक असायचं, समीक्षकांना असायचं, चहा आणून देणाऱ्यालासुद्धा असायचं. माहीत नसायचं ते फक्त घेणाऱ्यांना.

तुम्ही म्हणाल, ही लबाडी झाली. झाली तर झाली! त्या बाजारात हा ठिपका म्हणजे फार साधीसुधी लबाडी. गॅलरीमागच्या गोदामात एक भलंमोठं लाकडी खोकं होतं. त्यातलं चित्र एकाने घेतलं, त्याने दुसऱ्याला विकलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. भाव चढत गेला, वर्तमानपत्रात नाव आलं, पण खोकं जागचं हललं नाही आणि झाकणही कुणी उघडून बघितलं नाही. आत चित्र आहे की दाराची फळी, देव जाणे. खिळेबाई दुपारचा डबा त्याच खोक्यावर ठेवून जेवायची.

आता तिचा नवरा. त्यांना सगळे घड्याळजी म्हणायचे. रस्त्याच्या वळणावर कोनाड्याएवढं दुकान, पुढे काचेचं काउंटर, डोळ्याला भिंग. पुढे माणसं फोनमध्येच वेळ बघायला लागली आणि दुकान ओस पडलं. पण घड्याळजी काही सुरुवातीपासून नुसते घड्याळजी नव्हते. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ते पुठ्ठ्याच्या पाठीवर चित्रं काढायचे. दुकान बंद झाल्यावर दुरुस्तीचं टेबल घरी आलं, मागच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी बसलं, आणि त्यावर रंगांच्या नळ्या आल्या. त्यांची बहीण, म्हणजे खिळेबाईची नणंद, येता-जाता टोमणा मारायची, "काय रे, रंगपंचाईत चालू आहे का अजून?" घड्याळजी हसून गप्प बसायचे. गप्प बसलेल्या माणसाला लागत नाही असं लोकांना उगाच वाटतं.

त्यांना दाद हवी होती ती फक्त बायकोची. चित्र पुरं झालं की आतून हाक यायची, "अगं, जरा येतेस?" ती असेल ते काम टाकून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, बघायची, आणि दोनांतलं एक सांगायची. "जमलंय." नाहीतर, "नाही जमलं." का नाही जमलं ते तिला सांगता यायचं नाही आणि ते विचारायचेही नाहीत. त्यांनी आपल्या गेलेल्या आईचं चित्र काढलं तेव्हा ती म्हणाली होती, "नाही जमलं." आईचं चित्र होतं, हो! दुसरी कुणी असती तर नवऱ्याचे ओले डोळे बघून मान डोलावून मोकळी झाली असती. घड्याळजी त्या दिवशी जेवले नाहीत. मग स्वतःच रंग खरवडला, पुन्हा काढलं, पुन्हा ती म्हणाली नाही, पुन्हा खरवडलं. शेवटी एकदा ती चौकटीत उभी राहिली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. ते चित्र त्यांच्या बाहेरच्या खोलीत होतं. घड्याळजी पाहुण्यांना सांगायचे, "अख्ख्या जगात एक तोंड मला खरं सांगतं, आणि ते तोंड नेमकं माझ्याच घरात आहे. कधी कधी फार जाच होतो."

तर असं सगळं चाललेलं असताना मॅडमनी 'हात' या विषयावर प्रदर्शन ठरवलं. बरेच चित्रकार होते, एक बुजुर्ग, बाकीची तरणी मंडळी. ऐन वेळी त्यांतला एक दुसऱ्या गॅलरीकडे पळाला आणि भिंतीचा तुकडा रिकामा राहिला. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना काहीतरी आठवलं. "बाई, तुमचे मिस्टर काढतात ना काहीतरी?"

खिळेबाईने घरून चित्र आणलं. दुकानाचं काउंटर, काचेवर टेकलेलं एक मनगट. घड्याळ नुकतंच काढून दुरुस्तीला दिलेलं, आणि वर्षानुवर्षं पट्ट्याखाली झाकलेली कातडी उघडी पडलेली, फिकट, एक पट्टी. बोटं जराशी मिटलेली, घड्याळाविना लाजल्यासारखी. बस, एवढंच. हे चित्र बघून ती घरी म्हणाली होती, "जमलंय," आणि नंतर बराच वेळ चौकटीतून हलली नव्हती. मॅडमनीही चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे वा. लावा की." नाव ठेवलं 'दुरुस्तीला'.

भिंत मात्र अशी मिळाली की एका बाजूला विजेची पेटी, दुसऱ्या बाजूला स्वच्छतागृहाचं दार. तिथे थांबलेला माणूस चित्रासाठी थांबलाय की आतला बाहेर येण्यासाठी, हे कळायला मार्ग नव्हता.

उद्घाटनाच्या सकाळी घड्याळजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि चहा पिता पिता म्हणाले, "एवढं एकदा होऊन जाऊ दे. कुणी बघितलं तर ठीक, नाहीच बघितलं तर समजेन, हौस होती, भागली. टेबल विकून टाकू. कपडे वाळत घालायला जागा होईल."

हसत म्हणाले. खिळेबाईने कप खाली ठेवला. त्या टेबलाशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय? खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजणार? दुकान बंद झालं तेव्हाचे त्यांचे दिवस तिने बघितले होते. दाढी वाढवून भिंतीकडे तोंड करून झोपायचे. ते पुन्हा बघायची तिच्यात हिंमत नव्हती.

संध्याकाळी लोक आले. पहिल्या संध्याकाळी येणारे लोक चित्रं बघायला येत नाहीत हे भिंतींनाही माहीत असतं. हातात उंच पेले, चित्रांकडे पाठ, आणि "अरे तू!" "अगं तू!" एक समीक्षक बुजुर्गांच्या चित्रापुढे असं काही बोलत होते की स्वतः बुजुर्गही मान वाकडी करून ऐकत होते, आपण नक्की काय काढलंय ते समजून घ्यायला. बोहनीचे ठिपके आधीच लागले होते, त्यांच्या आजूबाजूला आता खरेही लागायला लागले. आणि पार टोकाला, विजेच्या पेटीशेजारी, इस्त्रीच्या शर्टातले घड्याळजी आपल्याच चित्राची चिठ्ठी वाचत उभे होते. जणू त्यात काही नवीन लिहिलं असेल. कुणी आलं की बाजूला सरकायचे, येणारा दार ढकलून आत जायचा, आणि ते पुन्हा जागेवर येऊन चिठ्ठी वाचायला लागायचे.

खिळेबाई टेबलावरून हे बघत होती. बघवेना. कागदावर ठिपके उरलेले होते. घड्याळजी पाणी प्यायला बाहेर गेले आणि ती उठली. तिचे पाय तिला न विचारताच निघाले म्हणा. चिठ्ठीवर बोट दाबलं, उचललं, परत येऊन बसली. झालं. हातोडीसुद्धा लागली नाही.

घड्याळजी परत आले. लाल ठिपका दिसला तेव्हा त्यांनी आधी शेजारच्या चित्राकडे बघितलं, चुकून इकडे लागला की काय म्हणून. मग सवयीने शर्टाच्या खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि तो ठिपका जवळून तपासला. खिळेबाईला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. गर्दीतून वाट काढत ते टेबलापाशी आले, वाकून हळूच म्हणाले, "अगं, आपल्याला लागलाय."

"हो."

"खरंच?"

तिने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या 'खरंच'ला तिने खोटी मान हलवली.

"कोण गं?"

"मॅडमना माहीत. नावं सांगत नसतात ही माणसं."

त्या रात्री घड्याळजी घरी पोचले की उडत गेले, कोण जाणे! दुसऱ्या दिवशी खालच्या शिंप्याला कळलं, दूधवाल्याला कळलं, दुकानाच्या जुन्या शेजाऱ्याला मुद्दाम वाट वाकडी करून जाऊन सांगून झालं. बहिणीला फोन गेला. रंगांच्या नव्या नळ्या आल्या. दाढी रोजच्या रोज. टेबल विकायचा विषय निघाला नाही तो नाहीच. खिळेबाई स्वतःला बजावत राहिली, काय बिघडलं? कुणाचं काय गेलं?

घड्याळजी आता रोज गॅलरीत यायचे आणि चित्राशेजारी हात मागे बांधून उभे राहायचे. आणि काय सांगू, ठिपका लागल्यापासून माणसं खरोखरच त्या कोपऱ्यात थांबायला लागली! काल ज्यांना विजेची पेटी आणि हे चित्र यांत फरक दिसला नव्हता ती आज मान तिरकी करून "ओहो" म्हणत होती. खिळेबाईला त्यांचा इतका संताप यायचा की एकेकाला शिडीवर चढवून शिडी काढून घ्यावी.

मग एके दुपारी नणंद आली. नवरा, मुलगा, सून, सगळा गोतावळा घेऊन. भावाला टोमणे मारण्यात जिचा जन्म गेला ती बाई ठिपक्यापुढे उभी राहून म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगत होते, ह्याच्या हातात काहीतरी आहे." घड्याळजींनी बायकोकडे चोरून बघितलं आणि डोळा मिचकावला. इतक्या वर्षांचा हिशेब त्या एका वाक्यात चुकता झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. सुनेने फोन काढला, "मामा, ठिपक्यावर बोट ठेवा, फोटो घेते."

त्याच वेळी दारातून एक माणूस आत आला. हातात हेल्मेट, पाठीला सामानाची पिशवी. टेबलापाशी येऊन त्याने खिळेबाईला अवघडत विचारलं, स्वच्छतागृह वापरलं तर चालेल का. तिने बोट दाखवलं. तो तिकडे गेला आणि दाराशी पोचण्याआधीच थांबला.

तो थांबला तो थांबलाच. फोटो काढणारी मंडळी त्याच्यासाठी जरा खोळंबली. त्याने हेल्मेट काखेत धरलं आणि एका हाताने आपलंच दुसरं मनगट धरलं. मग घड्याळजींना विचारलं, "हे तुम्ही काढलंय?"

"हो, मीच."

"हा हात माझ्या आईचा आहे." मग तोच ओशाळला. "म्हणजे, तसाच होता. दवाखान्यात तिचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं होतं. शेवटी हातात हात घेऊन बसलो होतो तेव्हा ही पांढरी पट्टी दिसत होती. इथेच. अशीच." आवाज नीट करून तो म्हणाला, "हे विकायला आहे का? मी असलं कधी घेतलेलं नाही. पण हे मला हवंय."

खिळेबाई टेबलावरून अर्धी उठली. तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

घड्याळजींनी बहिणीकडे बघितलं. छाती जराशी फुगली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण फार गोड शब्दांत, ते म्हणाले, "माफ करा हं. ते गेलंय."

त्याला लाल ठिपक्याचा अर्थ माहीत नव्हता. घड्याळजींनी बोट ठेवून समजावून सांगितला.

"असंच दुसरं काढून द्याल का?"

"असं पुन्हा होत नसतं हो," घड्याळजी म्हणाले. हे वाक्य बोलायला मिळावं म्हणून चित्रकार जन्मभर झुरतात.

"खरं आहे," तो माणूस म्हणाला. चित्राकडे एकदा बघून घेतलं आणि वळला. ज्या कामासाठी आला होता तेही विसरला. दुसऱ्या एकाही चित्राकडे न बघता टेबलावरून पुढे दाराबाहेर गेला.

एक वाक्य पुरलं असतं. 'थांबा, तो ठिपका खोटा आहे.' पण समोर नणंद, तिची सून, वर धरलेला फोन, आणि ठिपक्यावर बोट ठेवून उभा असलेला नवरा. खिळेबाईचं तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर तर गाठू त्याला, असं म्हणून ती दाराकडे धावली. पायऱ्यांवर आली तेव्हा तो समोरच्या कडेला गाडीवर बसून हेल्मेटचा पट्टा लावत होता. "अहो! अहो, थांबा!" हेल्मेटच्या आत काय ऐकू जाणार? नावाने हाक मारावी तर नाव कुणाला ठाऊक! गाडी वाहनांत मिसळली. मागून नणंदेचा आवाज आला, "अगं, कुठे पळतेस? फोटोत ये ना!" ती फोटोत आली. त्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि खिळेबाई दाराकडे.

प्रदर्शन संपायच्या दिवशी मॅडम भिंतींपुढून फिरत होत्या. "घड्याळजींचं गेलं? मला कुणी बोललं नाही."

"बोहनीचा आहे. मीच लावला."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला. "बाई, घरच्या माणसाला बोहनीचा ठिपका लावू नये. सांगितलंत त्यांना?"

"सांगते."

"लवकर सांगा."

तिने सांगितलं नाही. चित्र कागदात गुंडाळून गोदामात त्या मोठ्या खोक्यामागे ठेवलं आणि घरी म्हणाली, घेणारे परदेशी असतात, पोचायला वेळ लागतो. घड्याळजींना पैशाची घाई नव्हती. त्यांचं एकच टुमणं, "कुणाच्या भिंतीवर लागलंय ते एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. लांबून. आत जायचं नाही आपल्याला." रोज संध्याकाळी तिला वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी ते नव्या चित्रापुढे शीळ वाजवत बसलेले असायचे, आणि ती कणीक मळायला वळायची.

शेवटी झालं ते असं. पुढच्या प्रदर्शनाची टांगाटांग चालू होती, आणि खिळेबाई त्या दिवशी डबा घरी विसरली. दुपारी घड्याळजी डबा घेऊन आले. ती शिडीवर, तोंडात खिळे. "कुठे ठेवू गं?" त्यांनी खालून विचारलं. तिने रोजच्या सवयीने हातोडी गोदामाच्या दाराकडे दाखवली. डबा खोक्यावर ठेवायचा, नेहमीसारखा. ते चार पावलं गेले आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती ओरडली. पण तोंडात खिळे! बाहेर आलं ते "अं! अं!" एवढंच. घड्याळजींनी वळून न बघता हात वर केला, कळलं कळलं म्हणून, आणि आत गेले. ती खिळे थुंकून शिडीवरून उतरली तोवर उशीर झाला होता.

चित्राच्या चौकटीची पाठ त्यांनी स्वतः ठोकलेली. कागद फाटला होता तिथून दिसली तेवढी ओळखायला घड्याळजींना भिंग लागलं नाही. ते चित्र काखेत घेऊन तिच्यासमोरून बाहेर गेले. डबा खोक्यावर होता, नीट ठेवलेला.

ती घरी पोचली तेव्हा ते टेबलापाशी बसले होते.

"कुणी लावला?"

"मी."

"मॅडमनी सांगितलं म्हणून?"

हो म्हणाली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. पण आता तिला खोट्याचा वीट आला होता. "नाही. माझी मी."

"कीव आली माझी."

"कीव नाही हो! तुम्ही टेबल विकायचं म्हणालात. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तुम्हाला तसं उभं बघवलं नाही मला." ती रडायला लागली. "पण चित्र खरंच जमलंय. मी ते ठिपक्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं. आणि तो माणूस आठवतो का? हेल्मेटवाला? त्याला खरंच हवं होतं, अहो! तुम्ही त्याला परत पाठवलंत आणि मी गप्प बसले. मी धावले त्याच्यामागे, तो गेला. त्याला ते हवं होतं. तेवढं तरी खरं माना."

घड्याळजींनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. मग घड्याळ पाण्यात पडलं होतं का, हे गिऱ्हाइकाला विचारायचे त्या आवाजात, जराही न चिडता, त्यांनी विचारलं, "त्यालाही तूच पाठवलं होतंस का?"

"अहो!"

"नाही, रागाने नाही विचारत. फार छान बोलला तो. आईबिई. म्हणून विचारलं."

तिने शपथा घातल्या. ते "बरं, बरं" म्हणत राहिले. त्या 'बरं'चा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. पाण्यात पडलं नाही म्हणून शपथेवर सांगणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते असंच "बरं, बरं" म्हणायचे, आणि मागचं झाकण उघडून आतला गंज बघायचे.

तिला भीती होती की ते टेबल विकतील. तसं काही झालं नाही. दाढी वाढली नाही, भिंतीकडे तोंड करून कुणी झोपलं नाही. बोलणं-चालणं होतं, सोबत चहा होता. बहिणीचा फोन आला तर हसून बोलायचे, ठिपक्याचं तिला सांगितलं नाही. चित्रही काढायचे. फक्त आतून हाक येईनाशी झाली. खिळेबाई स्वयंपाकघरात कान देऊन असायची. ब्रश धुतल्याचा आवाज यायचा, खुर्ची सरकल्याचा यायचा, आणि मग काहीच नाही.

ती गॅलरीत दारातून येणाऱ्या प्रत्येक हेल्मेटकडे बघायची. तो परत आला नाही. कशाला येईल? त्याला सांगितलं होतं ना, गेलंय म्हणून.

एका रविवारी ती वाळलेले कपडे काढायला मागे गेली. घड्याळजी टेबलाशी होते. समोर नवं चित्र, ओलं. त्यांनी ते झाकलं नाही, तिला जा म्हणाले नाहीत. तिने बघितलं. उघडं दार, बाहेरचा पांढरा उजेड, आणि त्या उजेडात निघालेली एक पाठ. पाठीवर पिशवी. काखेत हेल्मेट. दुसरा हात मात्र मागे राहिलेला, जरासा उघडा, कुणीतरी काहीतरी द्यायचं राहून गेल्यासारखा.

तिच्या हातातले कपडे खाली पडले. ह्या माणसाने आजवर असं काही काढलं नव्हतं. आईचं चित्रसुद्धा नाही. विश्वास ठेवत नाही म्हणतात, आणि त्याचीच पाठ घेऊन इतके दिवस बसले होते!

"जमलंय," ती म्हणाली. "अहो, जमलंय. तुमचं आजवरचं सगळ्यात."

घड्याळजींनी चित्राकडे बघितलं नाही, तिच्याकडेही नाही. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताच्या बोटाकडे. मग हळूच, थट्टाही नव्हती आणि रागही नव्हता, "ठिपका लावतेस?"

"मी खरं सांगतेय हो! बघा ना माझ्याकडे!"

"तू मला फार जपतेस." त्यांनी मोठा ब्रश उचलला. पांढऱ्या रंगाचा डबा जवळ ओढला. आणि थांबले. त्यांचा चेहरा तिने असा कधी बघितला नव्हता, दुकान बंद झालं तेव्हाही नाही. "अगं, एक करशील? नाही जमलं म्हण. एकदाच म्हण. म्हणजे तरी मला कळेल, तू पुन्हा खरं बोलायला लागलीस."

खिळेबाई चौकटीला टेकली. म्हणायला काय लागत होतं? दोनच तर शब्द होते ते, शेकडो वेळा तोंडातून गेलेले. ते ऐकले असते तर हा माणूस हसला असता, चिडला असता, उपाशी बसला असता, आणि उद्या पुन्हा आतून हाक मारली असती. तिने तोंड उघडलं. समोर चित्र होतं. दारातली ती पाठ निघाली होती, आणि तो मागे राहिलेला हात.

"जमलंय," ती म्हणाली.

घड्याळजींनी मान हलवली आणि डब्याचं झाकण उघडलं.